हरीण सगळ्यांचं, वाट मालकाची

विस्कॉन्सिनमधला माझा पहिला नोव्हेंबर. ज्यांच्या घरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते ते आजोबा शुक्रवारी दुपारी गॅरेजमध्ये बंदूक पुसत बसले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आदल्या दिवशी गावात जे वातावरण असतं त्याची तुलना मी फक्त गणपतीच्या आदल्या दिवसाशीच करू शकते. पेट्रोल पंपावर भडक नारिंगी जाकिटं, दुकानात रांगा, आणि जो तो एकमेकांना विचारतोय, "कुठे जाणार?" मीही तेच विचारलं. आजोबा म्हणाले, "यंदा कुठेच नाही. शेत गेलं."

मला वाटलं शेत विकलं. पण शेत त्यांचं कधी नव्हतंच. त्यांच्या मित्राच्या वडिलांचं होतं, मग मित्राचं झालं. तिथे ते चाळीस वर्षं शिकारीला जात होते. कसला कागद नाही, पैसे नाहीत. उन्हाळ्यात एक दिवस गवताचे भारे उचलायला हात लावायचा, नाताळात घरी केलेलं सॉसेज पोचवायचं, एवढाच काय तो व्यवहार. मित्र गेला. त्याच्या मुलांनी शिकारीचा हक्क शिकागोच्या तिघांना वर्षाच्या बोलीने भाड्याने दिला. मुलांनाही वाईट वाटलं होतं म्हणे. मी विचारलं, एवढ्या मोठ्या शेतात तुम्ही एक माणूस जास्त झालात तर त्या तिघांचं काय बिघडणार होतं? त्यावर ते म्हणाले, "ते तिथे हरणं मोठी करतायत."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. जंगली हरीण मोठं 'करायचं' म्हणजे काय, आणि त्यासाठी एका म्हाताऱ्याला बाहेर का ठेवावं लागतं? पॉडकास्टच्या भागात आम्ही या विषयाला दहा मिनिटं दिली आणि पुढे सरकलो. राहिलेलं इथे लिहिते.

आधी मालकीचा प्रश्न. आपल्याकडे सातबाऱ्यावर पीक येतं, विहीर येते, झाडंही येतात. हरीण येत नाही. अमेरिकेतही तसंच आहे, पण तिथे त्यामागे एक राग आहे, आणि तो राग इंग्लंडहून आला. नॉर्मन राजांनी तिथे मोठमोठे प्रदेश आपल्या शिकारीसाठी राखून ठेवले. तिथे हरीण मारणाऱ्याचे हातपाय किंवा जीव घेतला जाई. १२१७च्या जंगल-सनदेत राजाला कबूल करावं लागलं की हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. पण १६७१च्या कायद्याने शिकारीचा हक्क पुन्हा, ढोबळमानाने, वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांपुरता राहिला. १७२३च्या 'ब्लॅक अ‍ॅक्ट'ने तर तोंडाला काळं फासून हरणं चोरणाऱ्यांना थेट फाशी ठेवली. ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने १९७५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. विंडसरच्या जंगलातले हे 'चोर' बहुतेक साधे शेतकरी-कारागीर होते, आणि त्यांचा मूळ झगडा परंपरागत हक्कांचा होता, हे त्यातून समजतं.

अटलांटिक ओलांडून आलेल्यांच्या मनात हे ताजं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं गेलं की रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, आणि कुंपण नसलेल्या इतर सगळ्या जमिनींवर, हंगामात शिकार करायची मोकळीक आहे. व्हरमाँटने पुढच्याच वर्षी तेच कलम घेतलं आणि ते आजही तिथल्या घटनेत आहे. १८१८ साली साउथ कॅरोलिनात एका जमीनमालकाने शिकाऱ्याला मनाई केली. न्यायालयाने मालकाला सांगितलं की कुंपण नसलेल्या, न कसलेल्या जमिनीवर शिकार हा लोकांचा हक्क आहे, तुमच्या मनाईने तो जात नाही.

हे 'लोक' कोण, ते मात्र विचारायला हवं. ज्या जमिनीवर ही मोकळीक होती ती बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांकडून घेतलेली होती. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२च्या तहांत जमीन दिली पण शिकारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क राज्याने मान्य करावा म्हणून त्यांना १९८३पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. दक्षिणेत गुलामगिरी संपल्यावर मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीयांनी शिकार-मासेमारीवर पोट भरू नये, मळ्यावर मजुरीलाच यावं, म्हणून कुंपणाचे आणि विनापरवाना प्रवेशाचे कायदे आवळले गेले. म्हणजे जमीन बंद करण्याचा इतिहास शिंगांच्या हौसेपेक्षा बराच जुना आहे. तरी तत्त्व टिकलं. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वन्यप्राणी सगळ्या जनतेचे, राज्य त्यांचं विश्वस्त. १९७९ साली त्यातला राज्याच्या 'मालकी'चा भाग न्यायालयानेच मोडीत काढला, पण विश्वस्ताची कल्पना राज्यांच्या कायद्यांत अजून पक्की आहे.

त्यामुळे एक विचित्र जोडी तयार झाली. जमीन खाजगी, तिच्यावर चरणारं हरीण सार्वजनिक. दोन्हींमधली फट भरत होती ती ओळख, शेजारधर्म आणि हस्तांदोलन. आजोबांचं सॉसेज त्यातलंच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भांडायला फारशी हरणंच उरली नव्हती. रेल्वे आली, शहरांत मांसाला आणि कातड्याला बाजार मिळाला, आणि व्यापारी शिकाऱ्यांनी जंगलं साफ केली. १९००च्या सुमाराला अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली असावीत असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. हा बदल दोन गोष्टींनी झाला. १९००च्या लेसी अ‍ॅक्टने आणि राज्यांच्या कायद्यांनी रानटी प्राण्यांच्या मांसाचा व्यापार मोडला. आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. विस्कॉन्सिनमध्ये १९२५ ते १९३५ दरम्यान एक वर्षाआड हंगामच बंद ठेवला होता.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते पुढचं सगळं तिच्यातून निघतं. जंगली हरणाचं मांस विकायला बंदी आली. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या मक्यावर हरीण वर्षभर पोसलं जातं, त्याला त्या हरणाचे पैसे करता येत नाहीत. पण हरणापर्यंत जायची वाट त्याची आहे, आणि वाट विकायला बंदी नाही. हरणाची किंमत फक्त मांसाएवढी होती तोवर या वाटेला कोणी फार पैसे मोजत नव्हतं. पन्नास-साठ पौंड मांसासाठी कोण किती भाडं देणार?

किंमत वाढली ती शिंगांमुळे.

शिंगांची हौस जुनीच. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला तो मोठ्या शिकारीतल्या सभ्य माणसांचा क्लब म्हणून. पण तेव्हा सामान्य शिकाऱ्याच्या लेखी शिंगं म्हणजे गोठ्याच्या दारावर ठोकायची वस्तू. याची एक गोष्ट इथे सगळ्यांना माहीत असते. १९१४ साली विस्कॉन्सिनच्या डॅनबरीजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या तरुणाने एक प्रचंड नर मारला. पेंढा भरणाऱ्या एका कारागिराने डोकं भिंतीवर लावण्याजोगं करून देतो म्हणून नेलं, मग तो गावच सोडून गेला, आणि जॉर्डनला शिंगं परत मिळाली नाहीत. चार दशकांहून जास्त काळाने मिनेसोटात जुन्या सामानाच्या विक्रीत तीच शिंगं कोणीतरी तीन डॉलरला उचलली. मोजल्यावर तो जागतिक विक्रम निघाला! शिकारी 'अज्ञात' म्हणून नोंद झाली. ती शिंगं आपलीच, हे जॉर्डन वर्षानुवर्षं सांगत राहिला. क्लबने ते मान्य केलं १९७८ साली, तो वारल्यानंतर.

तीन डॉलरची वस्तू विक्रम झाली ती मोजपट्टीमुळे. १९५० साली बून अँड क्रॉकेटने गुणांची पद्धत पक्की केली. मुख्य फांदीची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी, ठरावीक जागचा घेर, दोन शिंगांमधलं अंतर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचं. डाव्या-उजव्यात फरक असेल तर वजा करायचा. नेहमीच्या घडणीच्या शिंगांना कायमच्या विक्रमवहीत जायला १७० गुण लागतात. धनुष्यबाणवाल्यांसाठी १९६१ साली पोप अँड यंग क्लब आला, त्याची पायरी १२५. जॉर्डनच्या हरणाचे गुण २०६ आणि एक अष्टमांश. १९९३ साली कॅनडातल्या सस्कॅचवनमध्ये मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने मारलेल्या हरणाने तो विक्रम मोडला, २१३ आणि पाच अष्टमांश. आता कोणतंही हरीण आकड्यात सांगता येऊ लागलं, आणि आकड्यात सांगता येणारी गोष्ट जाहिरातीत छापता येते.

आता 'मोठी करणं' म्हणजे काय ते सांगते. ही शिंगं चितळ-सांबरासारखी, दरवर्षी गळून नवीन येणारी. दीड वर्षाच्या नराला पहिली शिंगं येतात ती बारीक असतात. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत ती दरवर्षी साधारण वाढत जातात. पूर्वी विस्कॉन्सिनमध्ये मारले जाणारे बहुतेक नर दीड वर्षाचेच असत, कारण लोक दिसेल तो नर मारत. मोठ्या शिंगांसाठी चांगलं खाणं आणि वंश लागतोच, पण सगळ्यात जास्त लागतं वय. म्हणजे शिकाऱ्याने तीन-चार वर्षं समोर आलेला नर सोडून द्यायचा.

सोडलेल्या नराला मात्र कुंपण कळत नाही. प्रौढ नर सहज चौरस मैलभर, म्हणजे ६४० एकर, हिंडतो, आणि माजाच्या काळात त्याहून लांब जातो. तुम्ही ८० एकरांवर मन आवरून बसलात आणि शेजाऱ्याकडे शनिवारी आलेल्या भाच्याने तोच नर मारला, तर तुमची तीन वर्षं गेली. "मी नाही मारला तर शेजारी मारेल" हे वाक्य मी इथे इतक्या वेळा ऐकलंय की त्याची म्हण व्हायला हरकत नाही. यावर उपाय दोन: आजूबाजूचे सगळे मालक एकत्र येऊन नियम ठरवतात, किंवा एकच जण जमेल तितकी सलग जमीन घेतो आणि आत कोण येईल ते स्वतः ठरवतो. दोन्हीत बाहेरच्या माणसाला जागा नाही. थांबण्यातच सगळी किंमत असेल, तर न थांबणारा प्रत्येक माणूस नुकसानच. आजोबा चाळीस वर्षं मांसासाठी जात होते. पहिला दिसेल तो नर मारायचा, फ्रीझर भरायचा. त्या तिघांच्या हिशेबात आजोबांपेक्षा महागडा पाहुणा दुसरा नसेल.

दुसरा बदल शिकारीच्या पद्धतीत झाला, आणि त्यासाठी मराठीत दोन नेमके शब्द आहेत: हाका आणि मचाण. इथली जुनी पद्धत हाक्याची होती. दहा-पंधरा माणसं एका रांगेत जंगलातून आवाज करत चालणार, पलीकडे बाकीचे बंदूक घेऊन उभे. याला माणसं लागतात आणि पाच-सहा शेतं ओलांडावी लागतात, म्हणून शेजाऱ्यांशी बरं असावंच लागतं. शेतं उघडी ठेवणं ही सगळ्यांचीच सोय होती. मोठ्या शिंगांची शिकार मचाणावरची. एकट्याने, वाऱ्याची दिशा बघून, अंगाला वास येऊ न देता तासन् तास बसायचं. वयस्क नर सावध असतो. एक माणूस वाऱ्याच्या चुकीच्या बाजूने रान ओलांडून गेला तरी तो बरेच दिवस उजेडात बाहेर पडत नाही. हाक्यात जास्तीचा माणूस मदतीचा होता, मचाणाच्या काळात तो अडथळा झाला. मग झाडाला बांधायचे कॅमेरे आले. त्यांच्यामुळे विशिष्ट नराचे फोटो वर्षानुवर्षं जमतात, त्याला नाव ठेवलं जातं, तो 'आपला' वाटायला लागतो. कायद्याने तो सगळ्यांचा असतो. पण तीन वर्षं ज्याचे फोटो फोनमध्ये आहेत त्याच्याबद्दल कायदा काय म्हणतो हे कोणाच्या मनात येणार?

या विचाराला शास्त्रीय बैठक टेक्ससमधून मिळाली. तिथे ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी, त्यामुळे शिकारीसाठी रान भाड्याने देणं तिथे फार आधीपासून रुळलेलं. १९७५ साली तिथल्या दोन जीवशास्त्रज्ञांनी, अल ब्रदर्स आणि मर्फी रे यांनी, चांगल्या प्रतीची हरणं कशी घडवावीत यावर पुस्तक लिहिलं. १९८८ साली साउथ कॅरोलिनात त्या विचाराची संघटना उभी राहिली. यात त्यांच्यावर अन्याय नको. तरुण नर सोडा हे त्यांच्या सांगण्याचं अर्धंच; दुसरं अर्ध म्हणजे माद्या पुरेशा मारा, म्हणजे संख्या आटोक्यात राहील. लोकांनी पहिलं अर्ध आवडीने उचललं.

विस्कॉन्सिनमध्ये हे घडताना पाहायचं असेल तर बफलो काउंटी. मिसिसिपीच्या काठची उंच टेकाडं, उतारावर ओकची झाडी, वर आणि खाली मका-सोयाबीन, मध्ये गाईंचे गोठे. हरणाला स्वर्ग. दोन्ही क्लबांच्या वह्यांत या काउंटीचं नाव वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. इथल्या शेतकऱ्याला उताराच्या झाडीचा काही उपयोग नव्हता. ती नांगरता येत नाही. पूर्वी शिकारी यायचे आणि जायचे. १९८०च्या दशकात शेतीवर मोठं कर्जसंकट आलं, मग दूधधंदा कोसळत गेला. राज्यात २००४ साली गाईंचे १५,००० हून जास्त परवानाधारक गोठे होते, २०२३ साली ६,००० सुद्धा उरले नाहीत. अशा वेळी निरुपयोगी झाडीला कोणी भाडं देऊ लागलं, किंवा मिनियापोलिसहून येऊन ती विकतच घेऊ लागलं, तर नाही कोण म्हणेल? इलिनॉयच्या पाइक काउंटीत तेच झालं. तिथे तर शिकारीचे दौरे चालवणारे धंदेवाईक आले, त्यांनी शेतकऱ्यांकडून रानं घ्यायची आणि बाहेरच्या शिकाऱ्यांना आठवड्याच्या हिशेबाने विकायची.

खरं सांगायचं तर मी हा विषय घेतला तेव्हा भाड्याने देणाऱ्यांवर चिडलेले होते. आता तेवढी नाही. आजोबांच्या मित्राच्या मुलांना मी नंतर भेटले. भाड्याच्या पैशातून जमिनीवरचा कर निघतो, म्हणून जमीन अजून त्यांच्या नावावर आहे. आल्डो लिओपोल्डनेही नव्वद वर्षांपूर्वी हेच ओळखलं होतं. १९३० साली त्याच्या समितीने मांडलेलं धोरण असं होतं की शेतकरी शिकारीचे प्राणी पोसतो, तर त्याला त्याचा मोबदला मिळायला हवा, नाहीतर तो का पोसेल? पुढच्याच वर्षी मॅडिसनजवळ रायली इथे त्याने ते करून पाहिलं. शिकारीला जागा शोधत फिरताना तो पाणी प्यायला एका शेतावर थांबला. शेतकरी शहरातून घुसणाऱ्या आगंतुकांनी वैतागला होता. दोघांनी मिळून शेजारचे शेतकरी आणि शहरातले काही जण यांची एक मंडळी उभी केली. शहरवाल्यांनी पैसा आणि कष्ट घालायचे, शेतकऱ्यांनी जमीन द्यायची, आणि परवानगीनेच आत यायचं. ते प्रकरण फेजंटसारख्या पक्ष्यांचं होतं, शिंगांचं नव्हतं. पण मला त्यातलं एक महत्त्वाचं वाटतं: पैशाबरोबर ओळखही टिकली. रायलीत शहरातला माणूस हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे टाकायला यायचा. शिकागोचे तिघे वर्षातून दोनदा येतात आणि कॅमेऱ्याचे फोटो फोनवर बघतात.

हा केवळ शिकाऱ्यांचा आपसातला मामला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. २००२च्या फेब्रुवारीत माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' सापडला. मेंदू पोखरणारा, न बरा होणारा, मातीतही वर्षानुवर्षं टिकणारा आजार. राज्याने ठरवलं की त्या भागातली हरणं जवळजवळ संपवायची. पण दक्षिण विस्कॉन्सिनमधली बहुतेक जमीन खाजगी. बऱ्याच मालकांनी दारं उघडली नाहीत. आपल्या रानातली हरणं सरकार म्हणतं म्हणून का मारायची? ज्या रानात बंदूक येत नाही तिथे हरणं आसऱ्याला जातात, हंगाम संपला की बाहेर पडतात. काही वर्षांत ती मोहीम गुंडाळली गेली. दुसरा उपाय 'आधी मादी मारा, मग नर मिळेल' असा नियम. तो १९९६पासून काही भागांत लावला जायचा आणि संख्या कमी करायला उपयोगी पडत होता. शिकाऱ्यांना तो मुळीच आवडला नाही. मादी शोधता शोधता आयुष्यातला सर्वांत मोठा नर समोरून निघून गेला तर? २०११ साली विधिमंडळाने तो नियमच रद्द केला. आणि या आजाराचं प्रमाण माद्यांपेक्षा प्रौढ नरांत जास्त असतं. म्हणजे शिंगांसाठी ज्यांना म्हातारं होऊ दिलं जातं, तेच तो जास्त वाहतात.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी बरेच दिवस थांबले होते. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले हमोंग लोक विस्कॉन्सिन-मिनेसोटात मोठ्या संख्येने आहेत. डोंगरात राहणारी, शिकारीवर वाढलेली माणसं. त्यांना इथली शिकार आवडली, पण इथे कोणाचे काका-मामा शेतकरी नव्हते. २१ नोव्हेंबर २००४ रोजी सॉयर काउंटीत एक हमोंग शिकारी दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवरच्या मचाणावर आढळला. मालक आणि त्यांचे सोबती जमले, वादावादी झाली, आणि त्याने केलेल्या गोळीबारात सहा जण मेले, दोघे जखमी झाले. आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या गेल्या असं त्याने कोर्टात सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. २००७च्या जानेवारीत पेश्टिगोजवळ, तेही सार्वजनिक रानात, खारींच्या शिकारीला गेलेल्या एका हमोंग माणसाला एका गोऱ्या शिकाऱ्याने मारलं. या दोन्ही घटनांचा शिंगांशी थेट संबंध नाही, आणि सहा मृत्यूंचं समर्थन कशानेच होत नाही. पण ओळखीच्या जोरावर चालणारी व्यवस्था नव्याने आलेल्यासाठी कधीच उघडी नव्हती, हे या घटनांमुळे मला दिसलं. आजोबांचं शेत गेलं म्हणून मी हळहळते. पण मी, पुण्यात वाढलेली, त्या शेतात चाळीस वर्षांपूर्वी तरी परवानगी मागायला कोणाच्या दारात उभी राहिले असते? पैसे देऊन घेतलेल्या परवानगीत निदान आडनाव विचारत नाहीत. हा विचार मला आवडत नाही, पण तो टाळताही येत नाही.

मधले रस्ते आहेत. व्हरमाँटमध्ये जमीन बंद करायची तर मालकाने दरवर्षी नगर कारकुनाकडे नोंद करायची, पाच डॉलर भरायचे, पाट्यांवर त्या वर्षाची तारीख घालायची. म्हणजे कष्ट बंद करणाऱ्याला. विस्कॉन्सिनमध्ये उलट आहे, पाटी असो नसो, परवानगी मागायचं काम आत शिरणाऱ्याचं. टेक्सस, मिसुरी, इलिनॉयमध्ये झाडावर मारलेला जांभळ्या रंगाचा पट्टाही 'आत येऊ नका' असं सांगायला पुरेसा आहे. तुम्ही पानगळीचे रंग बघायला फिरत असाल तर हा पट्टा लक्षात ठेवा, तो ट्रेकिंगची खूण नव्हे! कॅन्ससने १९९५ साली शेतकऱ्यांना पैसे देऊन जमीन सर्वांना चालत जाण्यापुरती उघडी करायची योजना सुरू केली, आता तिच्यात दहा लाख एकरांहून जास्त जमीन आहे. आयोवाने परराज्यातल्यांना नर मारायचे परवाने सहा हजारांवर रोखून धरलेत, त्यामुळे बाहेरच्या पैशाचा लोंढा तिथे जरा थोपला आहे.

विस्कॉन्सिनची स्वतःची योजना सगळ्यात जुनी आणि बघण्यासारखी. लाकूड तोडून ओसाड झालेल्या उत्तर भागासाठी १९२७ साली कायदा झाला: जंगल वाढवा, कर नाममात्र, पण रान शिकार-मासेमारीला सगळ्यांसाठी खुलं. १९८५च्या नव्या कायद्यात थोडी जास्त रक्कम भरून काही एकर बंद ठेवायची मुभा आली. आधी ८० एकर, मग १६०, आणि २०१६ साली ३२०. अर्ध्या चौरस मैलाएवढी. एका मोठ्या नराच्या हिंडण्याच्या अर्धं.

आजोबा आता सरकारी रानात जातात. गेल्या नोव्हेंबरात जाताना मला घेऊन गेले आणि वाटेत त्या शेतापाशी गाडी थांबवली. फाटकावर नवीन पाटी होती, कुलूप होतं. त्यांनी पलीकडची टेकडी दाखवली, "तिथला ओक, तिथे मी बसायचो." मक्याच्या कापलेल्या खुंटांत पाच-सहा हरणं चरत होती. मी विचारलं, "यातलं मोठं कुठलं?" ते म्हणाले, "सगळ्या माद्या आहेत. यांना इथे कोणी हात लावणार नाही." मग एक मादी तारेवरून उडी मारून रस्त्यावर आली, आमच्या गाडीसमोर क्षणभर उभी राहिली, आणि पलीकडच्या सरकारी रानात गेली. आजोबांनी घड्याळ बघितलं. सूर्यास्तानंतर वीस मिनिटं, म्हणजे कायद्याने एवढ्यात गोळी झाडायला बंदी. त्यांनी गाडी सुरू केली.